लाईट गेली की नेट चालायचं

आमचं घर बेळगावात, वडगावला. पुढं आम्ही, मधी मागांची खोली, मागं काका. फायबरचं कनेक्शन एकच, बिल निम्मं निम्मं. मेन राऊटर आमच्याकडं, तिथनं मागांच्या खोलीतल्या तुळईला धरून लॅन वायर नेलीय आणि काकांकडं एक जुना राऊटर जोडलाय, कारण भिंती दीड फुटाच्या दगडमातीच्या, त्यात मधी चार पॉवरलूमचं लोखंड, वायफाय पलीकडं पोचतच नाही, ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय तर आमच्या सैपाकघरातच संपतंय. दोन्हीकडं नाव तेच पासवर्ड तोच, दोन वर्षं सगळं मस्त चालू होतं.

जुलैपासून रडारड सुरू झाली. मोबाईलवर वायफायच्या कांड्या फुल, पण नेट नाही. मेन राऊटर बंद करून चालू केला की चालायचं, कधी तासभर, कधी दिवसभर, परत ठप्प. त्यात पावसाळ्यात आमच्याकडं लाईटीचं काय सांगायचं, दिवसातनं चारदा जाते. घरात मात्र निकाल लागलेला होता, आई म्हणे मागची पोरं रात्रभर गेम खेळत्यात म्हणून, आणि काकू म्हणत होत्या म्हणे की पुढच्यांनी आमचं नेट कमी केलंय. बिलाचे निम्मे पैसे काकांनी त्या महिन्यात दिले नाहीत, मी पण मागितले नाहीत.

कस्टमर केअरला फोन लावला तर कन्नडमध्ये ‘रीस्टार्ट माडी सर’. माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं, तरी सांगितलं की तेच तर रोज करतोय. शेवटी माणूस आला. मीटर लावून फायबरचा सिग्नल बघितला, मायनस २१ आला, चांगला आहे म्हणाला. मग मेन राऊटरची एक वायर काढून त्या जागी आपला लॅपटॉप जोडला, स्पीड टेस्ट मारली, १०० च्या प्लॅनला ९४. ‘लाईन बरोबर अद री, तुमच्या घरातला प्रॉब्लेम.’ वायर परत लावून गेला. दहा दिवसांनी परत आला, परत तेच. मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, आणि त्या परत घ्यायला लागणार होत्या हे तेव्हा माहीत नव्हतं.

मग मीच बसलो. पहिल्यांदा वाटलं शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी असेल. ॲपमध्ये बघितलं तर गल्लीतले निम्मे राऊटर चॅनेल ६ वर, आमचा पण. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांवर चढत नाहीत म्हणून आमचा ११ वर टाकला. व्हिडिओ जरा बरा चालायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत ठप्प. त्या दिवशी कमांड मारून बघितल्या. राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, तर उत्तर झटक्यात येतंय, आणि बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, केलं तर टाइम आऊट. म्हणजे मी राऊटरपर्यंत पोचतोय, पुढं नाही. परत कंपनीवरच संशय.

एवढ्यात लाईट गेली. मेन राऊटरला छोटा यूपीएस आहे म्हणून तो चालू राहिला. आणि माझ्या लॅपटॉपवर थोड्या वेळानं पिंगची उत्तरं धडाधड यायला लागली! अंधारात बसून मी यूट्यूब बघतोय. वीस मिनिटांनी केईबीवाल्यांनी (हेस्कॉम झालं तरी आम्ही केईबीच म्हणतो) लाईट दिली, दोन मिनिटं चाललं आणि बंद. लाईट असताना नेट नाही आणि गेल्यावर नेट आहे, हे काय प्रकरण म्हणायचं? लाईटबरोबर बंद होणारं आणि चालू होणारं असं काय आहे, तर काकांकडचा राऊटर. त्याला यूपीएस नाही.

तसाच लॅपटॉप घेऊन काकांकडं गेलो. ब्राऊझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं तर निळं पान आलं. आमच्या मेन राऊटरचं लॉगिनचं पान हिरवं आहे. पत्ता तोच, पान दुसरंच! एकाच पत्त्यावर दोन घरं, पोस्टमननं पत्र कुठं टाकायचं?

काकांच्या धाकट्याला विचारलं, ‘ह्या राऊटरला काय केलंतास काय रे?’

‘काय नाही दादा. नेट स्लो होतं म्हणून पिन घालून रीसेट मारलंतं. खरं नाव पासवर्ड परत तोच घातलोय की.’

‘कधी?’

‘जूनच्या शेवटी असेल.’

झालं. हा राऊटर जोडताना मी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला होता आणि डीएचसीपी, म्हणजे मोबाईलला आयपी (नेटवर्कमधला पत्ता) वाटायचं काम, बंद ठेवलं होतं, ते एकट्या मेननं करायचं. रीसेट मारल्यावर हा परत कारखान्यातनं आला तसा झाला, स्वतःला १.१ म्हणवतोय आणि आयपी पण वाटतोय, पण ह्याच्या मागं इंटरनेट कुठाय? लाईट आली की हा उठायचा आणि मीच १.१ म्हणून सांगायचा, मोबाईल बिचारे त्याच्याकडंच सगळं पाठवायचे. मेन रीस्टार्ट केला की मेन ‘मीच १.१’ म्हणून ओरडायचा, मग चालायचं.

आणि तो कंपनीचा माणूस! त्यानं लॅपटॉप लावायला जी वायर काढली ती काकांकडं जाणारीच होती. दुखणंच काढून बाजूला ठेवलं आणि मग तपासलं, सापडणार कुठनं.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. जुना राऊटर वायर काढून एकटा केला, लॅपटॉप त्यालाच जोडून पत्ता १.२ केला, डीएचसीपी बंद, आणि मेनकडनं येणारी वायर परत लॅनच्याच भोकात घातली, वॅनच्या, म्हणजे बाहेरची लाईन लावायच्या भोकात नाही. मग दोन्हीकडचे मोबाईल एकदा वायफाय बंद-चालू करून घेतले. मुद्दाम काकांकडचा स्विच पाच वेळा बंद-चालू केला, पिंग एकदाही तुटलं नाही.

काकूंनी चहा दिला, कुंदा दिला. रीसेटच्या भोकावर आता चिकटपट्टी आहे, काकांनी स्वतः लावलीय. जुलैचे निम्मे पैसे पण त्यांनी तिथंच काढून दिले, आणि आईला मी अजून सांगितलं नाही की पोरं गेम खेळत नव्हती म्हणून, कारण खेळत होती.