इओलानी पॅलेस: होनोलुलुमधला राजवाडा आणि राणीची खोली

हवाईला जाणारे बहुतेक जण वायकिकीचा बीच, ज्वालामुखी आणि सूर्यास्त एवढं बघून परत येतात, त्यात वाईट काहीच नाही, पण होनोलुलुच्या डाउनटाउनमधला इओलानी पॅलेस बघितल्याशिवाय हवाई कळत नाही असं माझं आता ठाम मत झालंय. आज अमेरिकेचं एक राज्य असलेली ही बेटं १८९३ पर्यंत राजेशाही असलेला स्वतंत्र देश होती, मोठमोठ्या देशांशी त्यांचे करार होते, परदेशात वकिलाती होत्या, आणि हा राजवाडा म्हणजे त्या देशाच्या शेवटच्या राजाचं आणि शेवटच्या राणीचं घर.

राजा कालाकाउआने तो १८८२ मध्ये बांधून पूर्ण केला. हा माणूस जबरदस्त होता. १८८१ मध्ये त्याने जगप्रदक्षिणा केली, गादीवर असताना पृथ्वीला फेरी मारणारा तो पहिला राजा, जपान, सयाम (आजचं थायलंड), इजिप्त, युरोप सगळं फिरला, वाटेत आपल्या मुंबईलाही येऊन गेला, आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसनला भेटून विजेच्या दिव्यांची चौकशी केली. त्यामुळे व्हाइट हाउसमध्ये १८९१ ला वीज आली त्याच्या काही वर्षं आधीच इथे दिवे लागले होते. टेलिफोन होता, फ्लशचे संडास होते. हवाईचे लोक मागासलेले, त्यांना राज्य चालवता येत नाही, असं त्या काळी बाहेरचे लोक सांगत होते ना, त्याला उत्तर म्हणून हे घर उभं राहिलंय असं आत फिरताना सारखं जाणवतं.

आत जाताना बुटांवर कापडी कव्हर चढवायला लागतात, जमिनीचं लाकूड खराब होऊ नये म्हणून. समोरच कोआ लाकडाचा भव्य जिना, कोआ हे हवाईचंच झाड, काय रंग आहे त्या लाकडाला! डाव्या-उजव्या बाजूला निळा दिवाणखाना, जेवणाची मोठी खोली आणि लाल-सोनेरी सिंहासनाचा दरबार. या दरबारात बॉल डान्स व्हायचे, बँड वाजायचा, परदेशी पाहुणे यायचे.

आणि याच दरबारात पुढे राणीवर खटला चालला.

कालाकाउआ १८९१ मध्ये वारला आणि त्याची बहीण लिलिउओकलानी गादीवर आली. त्याआधीच १८८७ मध्ये बंदुकांच्या धाकाने राजाकडून नवी राज्यघटना सही करून घेतली होती, त्यात राजाचे अधिकार गेलेच पण मालमत्तेची अट घालून असंख्य हवाईयन लोकांचा मतदानाचा हक्कही गेला. राणीला हे बदलायचं होतं. तर जानेवारी १८९३ मध्ये व्यापारी, वकील आणि साखरेत पैसा गुंतलेल्या लोकांच्या गटाने तिलाच हटवलं, आणि अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक आदल्या दिवशीच किनाऱ्यावर उतरून राजवाड्याजवळ येऊन थांबले होते. रक्तपात नको म्हणून राणीने निषेध नोंदवून माघार घेतली. दोन वर्षांनी तिच्या समर्थकांनी उठाव केला, तो फसला, आणि कटाची माहिती असून लपवली या आरोपावरून तिला तिच्याच घरात वरच्या मजल्यावर एका खोलीत जवळजवळ आठ महिने कोंडून ठेवलं.

ती खोली आज बघता येते. बाकी सगळीकडे झुंबरं, पडदे, चांदीची भांडी, आणि इथे जवळजवळ काहीच नाही, फक्त काचेच्या पेटीत एक गोधडी. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडलेली, राणीने आणि तिच्यासोबत राहिलेल्या बाईंनी शिवायला घेतलेली. मधल्या चौकोनात हवाईचे झेंडे आहेत, आणि राणीला इथे कैद केल्याचं धाग्याने भरून लिहिलंय, तारखेसकट. ज्यांनी राज्य घेतलं त्यांच्याकडे सगळी कागदपत्रं, सगळी ऑफिसं होती, आणि तिने आपल्या बाजूचा इतिहास सुई-दोऱ्याने नोंदवून ठेवला! मी तिथून लवकर हललेच नाही, ग्रुप पुढे निघून गेला तरी.

नंतर या वास्तूचं जे झालं तेही ऐकण्यासारखं आहे. नव्या सरकारने राजवाड्यातलं सामान लिलावात विकून टाकलं. १८९७ मध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांनी अमेरिकेत विलीन करण्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या, तरी १८९८ मध्ये इथेच हवाईचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला. मग १९६९ पर्यंत इथे सरकारी कचेऱ्या, दरबारात लोकप्रतिनिधींचं सभागृह, जेवणाच्या खोलीत सिनेट. सरकार शेजारच्या नव्या इमारतीत गेल्यावर दुरुस्ती सुरू झाली आणि १९७८ मध्ये म्युझियम उघडलं. विकलेल्या वस्तू शोधून परत आणायचं काम अजून चालू आहे, एखादी खुर्ची, एखादं टेबल, एखादी बशी, कुठून कुठून सापडतात. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण ज्यांचा देश गेला त्यांचं घर तरी ते एकेक वस्तू करून परत भरतायत.

जाणार असाल तर तिकीट आधी बुक करा, आणि ऑडिओ टूरपेक्षा गाइडसोबतची टूर मिळाली तर तीच घ्या. तळघर चुकवू नका, राजा-राणीचे मुकुट तिथे आहेत. मुकुटांतली मूळ रत्नं १८९३ च्या गोंधळात चोरीला गेली, आता दिसतात ती काचेची. आवारात फिरायला तिकीट लागत नाही, तिथला घुमटाचा मंडप कालाकाउआच्या १८८३ च्या राज्याभिषेकासाठी बांधला होता, त्याच सोहळ्यात त्याने मिशनऱ्यांचा विरोध असलेला हवाईचा पारंपरिक हुला नाच सगळ्यांसमोर करवला होता.