व्हर्टआयओ डिस्कचे आकारमान आणि एका बाइटची राखण

व्हर्च्युअल मशीनमधल्या (म्हणजे गेस्टमधल्या) ड्रायव्हरला डिव्हाइसचे जे रजिस्टर (माहिती वाचण्या-लिहिण्याची ठरावीक जागा) दिसते, त्यामागे बहुतेक वेळा कोणतीही चिप नसते. त्या पत्त्याला होस्टने, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकाने, मेमरीचे पान जोडलेलेच नसते. त्यामुळे ड्रायव्हर तेथून वाचायला गेला की प्रोसेसर गेस्टला थांबवून ताबा केव्हीएमकडे (लिनक्स कर्नलमधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या भागाकडे) देतो, केव्हीएम ती मागणी क्यूईएमयूकडे (डिव्हाइसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवते आणि क्यूईएमयूमधले एक सी फंक्शन उत्तराचा आकडा तयार करते. ड्रायव्हरच्या लेखी मात्र ते साधे मेमरीतले वाचन असते.

व्हर्टआयओ हे व्हर्च्युअल मशीनमधल्या अशा डिव्हाइसांचे मानक. असे डिव्हाइस पीसीआयवर (कार्डे जोडण्याच्या बसवर) असेल, तर ओळख पटवण्याची पद्धत खऱ्या कार्डासारखीच असते. कॉन्फिगरेशन स्पेसच्या सुरुवातीला व्हेंडर आयडी (निर्मात्याचा क्रमांक) १एएफ४ असतो आणि पुढे कॅपॅबिलिटींची साखळी असते. कोणत्या बारमध्ये (डिव्हाइसच्या पत्त्यांच्या पट्ट्यात), किती ऑफसेटवर (पट्ट्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर) सामाईक रजिस्टर आहेत आणि कुठे त्या डिव्हाइसची खास माहिती (त्याचे कॉन्फिगरेशन) आहे, हे ती साखळी सांगते. नेटवर्क कार्डाच्या बाबतीत ही खास माहिती म्हणजे मॅक पत्ता वगैरे. डिस्कच्या बाबतीत पहिलेच क्षेत्र म्हणजे क्षमता, ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजलेला ६४ बिटांचा आकडा.

खरी गंमत या आकड्यात आहे. लिनक्सचा ड्रायव्हर तो एका दमात वाचत नाही. ३२ बिटांचे दोन तुकडे करून वाचतो, आधी खालचा, मग वरचा. दोन्ही वेळा गेस्ट थांबतो आणि दोन्ही वेळा क्यूईएमयू कॉन्फिगरेशन नव्याने भरून उत्तर देते. समजा, १.५ टेराबाइटची डिस्क (१०२४ गीगाबाइटचा एक टेराबाइट धरून) चालू मशीनमध्येच २.५ टेराबाइट केली. जुन्या आकड्याचा वरचा अर्धा भाग शून्य आहे, नव्याचा एक. हा बदल नेमका दोन वाचनांच्या मध्ये झाला, तर जुना खालचा भाग आणि नवा वरचा भाग मिळून गेस्टला चक्क ३.५ टेराबाइटची डिस्क दिसेल. एवढी मोठी डिस्क कोणी दिलेलीच नव्हती, आणि दोन्ही वाचने आपापल्या जागी बिनचूक होती!

यावरचा उपाय सामाईक रजिस्टरांमध्ये आहे: कॉन्फिगरेशनच्या पिढीचा क्रमांक, अवघा एक बाइट. ड्रायव्हर आधी हा क्रमांक वाचतो, मग क्षमतेचे दोन्ही तुकडे, मग पुन्हा क्रमांक. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर सगळे वाचन पहिल्यापासून. डिस्कचा आकार बदलला की क्यूईएमयू हा क्रमांक वाढवते आणि गेस्टला इंटरप्ट (लक्ष वेधणारा संकेत) पाठवते. गेस्ट आणि होस्ट यांच्यामध्ये समाईक कुलूप ठेवण्यापेक्षा मला ही रचना कितीतरी शहाणपणाची वाटते, कारण कुलूप धरून गेस्ट अडकला असता तर होस्टची पंचाईत झाली असती. एका बाइटचा क्रमांक २५६ बदलांनंतर फिरून तिथेच येतो हे खरे, पण दोन वाचनांच्या फटीत डिस्कचा आकार २५६ वेळा बदलणाऱ्या प्रशासकाला दुसरेच उपचार हवेत.

व्हर्टआयओच्या १.० आवृत्तीपूर्वीच्या जुन्या मांडणीत हा क्रमांक नव्हता. तेव्हाच्या ड्रायव्हरांपुढे एकच मार्ग होता: लागोपाठ दोन वाचने सारखी येईपर्यंत तोच आकडा पुन्हा पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक वाचनासाठी गेस्ट थांबण्याची किंमत मोजायची.