फेवरिटचा मोह

आज घोड्यांच्या 7 रेस झाल्या, फेवरिट (ज्यावर सगळ्यात जास्त पैसा लागतो तो घोडा) आले 2. यात नवल काही नाही, साधारण तीनात एकच फेवरिट जिंकतो. गल्लत होते ती भावात, म्हणजे जिंकल्यावर लावलेल्या रकमेवर किती सुटणार त्यात. एकास एक भाव (100 ला वर 100) असेल तर घोडा निम्म्या वेळा यायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. 2/5 भावात 100 लावले तर वर 40च सुटतात. एका हारीत अडीच रेसची कमाई जाते. गेटमधून निघताना घोडा अडखळला की ते 100 संपले.

सगळ्यात घातक म्हणजे हरल्यावर रक्कम दुप्पट करणं. 100, 200, 400, 800, 1600... पाच हारींत 3100 साफ! आणि अशा सलग पाच हारी अजिबात दुर्मीळ नाहीत. शेवटच्या मिनिटाला भाव कोसळताना पाहून बेटिंगच्या खिडकीकडे धावू नका, चांगला भाव तोवर गेलेला असतो.