टेबलावरची किल्ली

व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर 'पुन्हा प्यायलास का?' एवढेच लोक विचारतात. पण न पिणे आणि चांगले जगणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लवकरच उमगले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमानविषयक 26 प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीत झोपेबद्दलही एक प्रश्न आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो, कारण दारू सुटल्यावरही झोपेची घडी बसायला अनेकांना कित्येक महिने लागतात, आणि पहाटे तीन वाजता छताकडे पाहत पडलेल्या माणसाला आपण बरे होत आहोत यावर विश्वास ठेवणे जड जाते. घरचे पैशांचे व्यवहार पत्नीने अजून माझ्या हाती दिलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे. परवा मात्र तिने कपाटाची किल्ली न लपवता टेबलावर ठेवली. मी बराच वेळ त्या किल्लीकडे पाहत बसलो होतो.