चार्ल्स आणि कॅरोलाइन इंगल्स: वंशावळीच्या वहीतली ताजी भर

कुलवृत्तांताच्या कामात हात बसावा म्हणून मी एक परकं जोडपं घेतलंय, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्या वहीत या खेपेला बरीच भर पडली. नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार्ल्स इंगल्स (जन्म १८३६, न्यूयॉर्क राज्य) आणि कॅरोलाइन क्वायनर (जन्म १८३९, विस्कॉन्सिन) हे अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं शेतकरी जोडपं. विस्कॉन्सिन, कॅन्सस, पुन्हा विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, परत मिनेसोटा आणि शेवटी डाकोटा, असं त्यांचं बिऱ्हाड फिरलं. दुसरी मुलगी लॉरा पुढं लेखिका झाली आणि तिनं घरच्या आठवणींवर कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून हे नाव जगाला माहीत. वहीपुरतं मला कादंबऱ्यांशी कर्तव्य नाही. जनगणना, जमिनीचे दस्त, सरकारी अर्ज, घरच्या बायबलातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, यांत असेल ते शाईनं. बाकी सगळं पेन्सिलीनं.

हेच घराणं का, असं मागं एकांनी विचारलं होतं. एक तर बरेचसे कागद घरबसल्या आणि फुकट पाहता येतात. दुसरं म्हणजे हा वंश संपलाय. चार मुलींपैकी मेरी अविवाहित राहिली, कॅरी आणि ग्रेस यांना स्वतःची मुलं झाली नाहीत, लॉराची एकच मुलगी जगली, रोझ, आणि तीही १९६८ मध्ये मागं मूल न ठेवता गेली. त्यामुळं कुणा हयात नातवंडाच्या खासगी गोष्टींत आपण नाक खुपसत नाही.

साटंलोटं, तेही तिहेरी

वंशावळीचा तक्ता मांडताना पहिली गाठ इथंच बसते. क्वायनरांचा हेन्री आणि इंगल्सांची पॉली यांचं लग्न झालं. मग १ फेब्रुवारी १८६० ला विस्कॉन्सिनमधल्या कॉन्कॉर्डला चार्ल्स आणि कॅरोलाइन. त्यानंतर इंगल्सांचा पीटर आणि क्वायनरांची एलायझा. शेजारशेजारची दोन घरं, तीन लग्नं. लॉराच्या बाजूनं पाहिलं तर हेन्री-पॉलीची मुलं मामेभावंडंही आणि आतेभावंडंही. पीटर-एलायझाची मुलं चुलतही आणि मावसही. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत असले गुंते पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही. पण तक्ता काढायचा झाला की रेघा एकमेकींवरून जातात, आणि संगणकाचा प्रोग्रॅम एकच माणूस दोनदा दाखवू लागतो. मी शेवटी हा भाग कागदावर हातानं काढला.

या सोयरिकीचा पोटापाण्याशी थेट संबंध आहे. १८६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या पेपिन परगण्यातली जमीन चार्ल्सनं घेतली ती मेव्हण्याबरोबर, हेन्रीबरोबर, भागीत. १८७९ मध्ये रेल्वेचं काम मिळालं ते बहिणीच्या नवऱ्यामुळं. तो मार्ग टाकणारा कंत्राटदार होता. बिऱ्हाड मोडून निघावं लागलं तेव्हा वाटेत मुक्काम पीटरकडं. माझ्या वहीत आता प्रत्येक स्थलांतरापुढं ‘कोणाच्या आधारानं’ असा रकाना आहे, आणि तो फारच थोड्या वेळा रिकामा राहतो.

कॅरोलाइनच्या माहेरची बाजू जरा काळी आहे. ती सहा वर्षांचीही नव्हती तेव्हा, १८४५ मध्ये, वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून गेले. आईनं पुढं दुसरं लग्न केलं. भाऊ जोसेफ यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत जखमी होऊन १८६२ मध्ये वारला.

१६० एकर, पण १६० नव्हेत

या खेपेची खरी कमाई ही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की मूळ मालकी हक्काचा कागद निघतो. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला त्यावरचा पत्ता आधी विचित्र वाटतो: सेक्शन ३, टाउनशिप ११०, रेंज ५६, ईशान्येचा चतकोर. पण गट नंबरापेक्षा हे सोपं आहे. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. प्रत्येक सेक्शन ६४० एकर, त्याचा चतकोर १६०. सेक्शनांचे आकडे नांगराच्या तासांसारखे पडतात: वरच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडं १ ते ६, मग खाली वळून उजवीकडं ७ ते १२, पुन्हा वळून डावीकडं १३ ते १८.

आता डाकोटात, डी स्मेट गावाजवळ, चार्ल्सनं फेब्रुवारी १८८० मध्ये अर्ज करून धरलेला हा चतकोर भरतो १५४.२९ एकर. आणि त्याआधी मिनेसोटात, वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी घेतलेला चतकोर भरतो सुमारे १७२ एकर. एक कमी, एक जास्त. कारकुनाची चूक? नाही. पृथ्वी गोल असल्यानं उत्तरेकडं जाताना रेखावृत्तं जवळ येतात, शिवाय साखळीनं मोजताना फरक पडतोच. ही सगळी तूट आणि वाढ प्रत्येक टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलायची, असा मोजणीचा नियमच होता. सेक्शन ३ उत्तरेच्या कडेला येतो. मिनेसोटातली जमीन सेक्शन १८ मध्ये होती, वायव्येचा चतकोर, आणि १८ हा बरोबर पश्चिमेच्या कडेला. दोन्ही आकडे एकाच नियमानं सुटतात. हे जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला, घरात कुणाला झाला नाही.

साखळीचा विषय निघालाच आहे तर: तिकडच्या मोजणीची गंटर साखळी ६६ फुटांची, ८० साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे त्याची बाजू गंटर साखळीच्या बरोबर निम्मी, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. डाकोटाचा चतकोर आणि साताऱ्याकडचं वावर एकाच मापाच्या घराण्यातले आहेत.

पैशाकडं बघा. डाकोटातली जमीन १८६२च्या होमस्टेड कायद्याखाली मिळाली: फी भरायची, पाच वर्षं राहून कसायची, साक्षीदार आणून तसं सिद्ध करायचं. चार्ल्सनं ते १८८६ मध्ये केलं. प्लम क्रीकची जमीन मात्र विकतची होती, आधी वस्ती केलेल्याला पहिला हक्क या नियमाखाली. रेल्वेला दिलेल्या पट्ट्यात सरकार आपल्या वाट्याच्या जमिनीला दुप्पट भाव लावी, एकरी सव्वाऐवजी अडीच डॉलर. १७२ एकरांचे सुमारे ४३० डॉलर झाले. आणि १८७६च्या उन्हाळ्यात ती विकली ४०० डॉलरला.

मधल्या काळात काय घडलं? टोळधाड. १८७३ ते १८७७ या वर्षांत रॉकी माउंटन टोळांनी त्या पट्ट्यातली पिकं पुन्हापुन्हा खाल्ली. नोव्हेंबर १८७५च्या अखेरीस चार्ल्सनं आपण पूर्ण निर्धन असल्याचं सही करून लिहून दिलं आणि परगण्याकडून पिठाची दोन अर्धी पिंपं घेतली, किंमत ५ डॉलर २५ सेंट. या एका पावतीपुढं दोन्ही खरेदीविक्रीचे दस्त मला फिके वाटतात. त्याच महिन्याच्या १ तारखेला घरात मुलगा झाला होता.

जनगणनेच्या दोन जाळ्यांमधून निसटलेला

तो मुलगा, चार्ल्स फ्रेडरिक, घरच्यांचा फ्रेडी. जन्म १ नोव्हेंबर १८७५, मृत्यू २७ ऑगस्ट १८७६, आग्नेय मिनेसोटातल्या साउथ ट्रॉयजवळ, आयोवाला जाताना. राष्ट्रीय जनगणना १८७० आणि १८८० ची, तो दोन्हींत नाही. मिनेसोटाची राज्य जनगणना १८७५ ची, पण ती उन्हाळ्याच्या तोंडाशी झाली, तो जन्मला नोव्हेंबरात. आयोवाचीही १८७५ आणि १८८५. मुलीच्या कादंबऱ्यांतही तो नाही आणि आयोवातलं बर ओकचं वर्षही नाही. बायबलातली नोंद नसती तर हे मूल गळालंच असतं. कुलवृत्तांत करणाऱ्यांनी ‘अल्पवयात मृत’ हा रकाना शेवटचा म्हणून सोडून देऊ नये, एवढं इथं म्हणतो.

१९००च्या जनगणनेत प्रत्येक आईला ‘किती मुलं झाली, किती हयात’ असं विचारलं होतं. अशी मुलं शोधायची पहिली जागा ती.

कॅन्ससचा तुकडा

हा बऱ्याच जणांनी उकललेला आहे, म्हणून लवकर पुढं जातो. धाकट्या कॅरीचा जन्म बायबलात ‘माँटगोमेरी परगणा, कॅन्सस’ असा आहे, ३ ऑगस्ट १८७०. कादंबरीत घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर सांगितलंय. प्रत्यक्षात जागा तेरा मैलांच्या आसपास निघाली, ती १८७०च्या जनगणनेच्या क्रमावरून आणि शेजाऱ्यांच्या जमिनींवरून. शेजाऱ्यांवरून घर शोधायची ही युक्ती आपल्या चतुःसीमांसारखीच चालते.

त्या जनगणनेच्या पानांवर जमिनीच्या किमतीचा रकाना रिकामा आहे आणि शेरा आहे की जमीन ओसेज इंडियनांची, वसाहतवाल्यांना तिच्यावर हक्क नाही. हे गोड करून सांगायला नको. चार्ल्स तिथं दुसऱ्यांच्या जमिनीवर घुसलेला होता, आणि त्याच्यासारखे हजारो. जुलै १८७० मध्ये संसदेनं ओसेजांना हलवायचा कायदा केला, सप्टेंबरात त्यांच्याकडून मान्यता घेतली, आणि जमीन एकरी सव्वा डॉलरनं खुली होणार ठरली. इंगल्स १८७१ मध्ये नेमके तेव्हाच निघाले, कारण पेपिनचं घर घेणाऱ्याला हप्ते झेपेनात.

कॅरोलाइनचा रकाना

चार्ल्सच्या कामांची यादी सहज भरते: शेतकरी, सुतार, कसाई, रेल्वेच्या तळावर हिशेबनीस, न्यायदानाचं किरकोळ काम करणारा गावचा जस्टिस ऑफ द पीस. डी स्मेटमधलं शेवटचं घरही त्यानं १८८७ मध्ये स्वतः बांधलं. कॅरोलाइनच्या नावापुढं काय येतं? १८७०च्या गणकांना सूचनाच होती की स्वतःच्या कुटुंबाचं घर सांभाळणाऱ्या बाईपुढं ‘घर सांभाळते’ एवढंच लिहायचं. १९००मध्ये तर तिच्यासारख्यांचा व्यवसायाचा रकाना कोराच सोडत.

म्हणून तिच्यासाठी वेगळं पान केलं. लग्नाआधी शाळेत शिकवणं. १८७६-७७ मध्ये बर ओकच्या हॉटेलात काम, तेही मूल गेल्यानंतर काही महिन्यांतच आणि ग्रेसच्या वेळी पोट पुढं आलेलं असताना. (त्या गावातून हे कुटुंब देणं ठेवून रात्रीतून निघालं, हे शाईनं लिहिताना माझाही हात जरा अडखळला.) १८८० च्या वसंतात डी स्मेटला जमीन धरायला येणाऱ्या वाटसरूंना मोजणी करणाऱ्यांच्या घरात जेवूखाऊ घालणं आणि झोपायला जागा देणं. गाव वसायच्या आधी तिथला पहिला पैसा बहुधा तिच्या चुलीनं मिळवला, असं माझं मत आहे. पेन्सिलीनं.

मेरीची शुश्रूषाही याच पानावर. १८७९ मध्ये चौदाव्या वर्षी तिची दृष्टी गेली. २०१३ मध्ये वैद्यकीय संशोधकांनी कागद तपासून त्यामागं मेंदू आणि त्याच्या आवरणाचा विषाणुजन्य दाह असावा असं मांडलं. डाकोटात अंधशाळा नव्हती, म्हणून ती १८८१ ते १८८९ आयोवातल्या व्हिंटनला शिकली आणि फी डाकोटा प्रदेशानं भरली.

पुढं

चार्ल्स ८ जून १९०२ ला गेला. कॅरोलाइन २० एप्रिल १९२४ पर्यंत होती, मेरीबरोबर, त्याच घरात, भाडेकरू ठेवून. ही बावीस वर्षं वहीत जवळजवळ कोरी आहेत. पण साउथ डाकोटाची १९०५ आणि १९१५ ची राज्य जनगणना माणशी एक कार्ड अशी आहे आणि ती कार्डं शाबूत आहेत. पुढच्या खेपेला तिथून सुरुवात. कुणी ती वापरली असतील तर बायकांची कार्डं स्वतःच्या नावानं लावलीत की नवऱ्याच्या, तेवढं कळवा.