नकाशावरची बाग
विद्यापीठात नगररचना आणि धोरण हा विषय घेतला तेव्हा, नकाशा नेटका आखला की शहर आपोआप नेटके होते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती बार्सिलोनाच्या विस्तार-आराखड्याने मोडली. इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ साली आखलेल्या त्या आराखड्यात सुमारे ११३ मीटर बाजूचे, कोपरे छाटलेले चौरस होते आणि त्यांच्या दोनच बाजूंना इमारती ठेवून उरलेली जागा बागेसाठी मोकळी सोडायची होती, कारण कामगारांच्या घरांनाही ऊन-वारा मिळावा, ही त्याची तळमळ होती. रस्ते टिकले, बागा मात्र जमीनमालकांच्या दबावापुढे आणि शिथिल होत गेलेल्या बांधकाम नियमांमुळे बहुतेक ठिकाणी बुजल्या. मला त्याचे अजूनही वाईट वाटते. आता कोणताही आराखडा हाती आला, की जमीन कोणाची आणि नियम बदलण्याचा अधिकार कोणाला, हे मी आधी शोधते.