मळी काढताना

रविवार, 14 डिसेंबर

आजचा दिवस मामांच्या गुऱ्हाळावर गेला. प्रयाग चिखलीकडच्या या गुऱ्हाळावर मी दर हंगामात एकदा तरी जाते; पण ताजा गूळ खायचा, काकवीची बाटली भरून घ्यायची आणि दिवेलागणीच्या आत कोल्हापूर गाठायचे, एवढाच माझा शिरस्ता असे. आज मात्र पहिले आधण चढण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते की गूळ मनासारखा उतरणार नाही. ट्रॅक्टर बिघडल्यामुळे तोडलेला ऊस दोन दिवस फडातच पडून होता, आणि असा ऊस शिळा झाला की त्यातली साखर फुटते, गूळ घट्ट धरत नाही आणि रंगही काळवंडतो.

तरीही गूळ शिजवणाऱ्या गुळव्याकाकांच्या कामात तसूभरही फरक पडला नाही. काहिलीतला, म्हणजे मोठ्या पसरट कढईतला, रस तापू लागताच त्यांनी चुन्याची निवळी घातली, ठेचून भिजवलेल्या रानभेंडीचे बुळबुळीत पाणी ओतले आणि चुलवाणाचा जाळ कमी करायला सांगितले. थोड्याच वेळात रसातल्या गाळाची हिरवट करड्या रंगाची मळी जाड सायीसारखी वर आली. रस उकळायच्या आत ती काढावी लागते, नाहीतर फुटून पुन्हा रसात मिसळते. काका काठाकाठाने झारा फिरवत ती अलगद ओढून घेत होते. दर पडणारच आहे, मग एवढी मेहनत कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात झारा दिला आणि म्हणाले, "धरा ताई. खाली दाबू नका."

मी दाबलाच. मळीबरोबर चांगला रसही आला. तिसऱ्या-चौथ्या वेळेस मनगट सैल सोडल्यावर झारा रसावरून नुसता सरकला, आणि मळीखालून स्वच्छ, सोनेरी रस दिसला. त्यानंतरचा अर्धा तास ढेपेचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. इतके पूर्ण लक्ष मी एखाद्या कामात शेवटचे केव्हा घातले होते, ते मला आठवेना.

मी दहावीला गणित शिकवते. उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मी मन लावून देते, कारण मुलाने विचार कसा केला ते त्या पायऱ्यांतच दिसते. घरी मात्र माझ्या मुलीने सहामाहीची उत्तरपत्रिका पुढे ठेवली, तेव्हा मी आधी गुणच पाहिले. तिने एक प्रमेय स्वतःच्या रीतीने मांडले होते. ते मी आजतागायत वाचलेले नाही, याचे मला आज झाऱ्यावर उभी असताना फार वाईट वाटले.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण सौद्यात ढेपेचा रंग आणि कणीच पाहिली जाते, आणि ते योग्यच आहे. मामांचे घर त्यावर चालते. फक्त काकांचे मोल त्या दरात मावत नाही, असे मला मनापासून वाटते. पाक साधारण 118 अंशांवर येतो, पण काका तापमापक वापरत नाहीत. थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळून पाहतात. आज त्यांनी ती पाच वेळा वळून पाहिली, एरवी दोनदा पुरते.

गार व्हायला वाफ्यात ओतलेला गूळ अपेक्षेप्रमाणे नरमच निघाला. मामांनी तो दाबून पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. काका तोवर दुसऱ्या आधणासाठी काहील धूत होते. मी झारा धुऊन त्यांच्याजवळ नेऊन ठेवला. आता मुलीची उत्तरपत्रिका कपाटातून काढून टेबलावर ठेवली आहे. ती क्लासहून आली की तिच्याकडूनच ते प्रमेय समजून घेणार आहे.